रविवारची पत्रं

रविवार, 7 सप्टेंबर 2025

सकाळी नाश्त्यानंतर पत्रांचा तास झाला. इथे इंग्लंडमधल्या आमच्या बोर्डिंग शाळेचं सत्र सुरू होऊन चारच दिवस झालेत. माझ्याकडे मेट्रन, म्हणजे मुलांची देखभाल करणारी बाई म्हणून यंदा लहान मुलांची डॉर्मिटरी आहे, त्यात सहाजण अगदी नवे, आठ वर्षांचे. खिडकीजवळच्या मुलाने एका शब्दाचं स्पेलिंग विचारायला कागद पुढे केला, म्हणून त्याचं पत्र नजरेस पडलं. जेवण चांगलं आहे, काल खूप खेळलो, कुत्रा कसा आहे? कुत्र्याचं नाव तीनदा. आईची आठवण येते असं कुठेही नाही.

मुलांची पत्रं मी एरवी वाचत नाही. पुढे मुलांचा लेखक म्हणून प्रसिद्ध झालेला रोआल्ड डाल 1925 साली, नऊ वर्षांचा असताना, वेस्टन-सुपर-मेअरला अशाच एका शाळेत होता. तोही दर रविवारी आईला पत्र लिहायचा, आणि मुलं लिहीत असताना हेडमास्तर मागे फिरून वाचत असायचे. मग खरं कोण लिहिणार? रात्री मात्र तो खाडीपलीकडच्या वेल्समधल्या आपल्या घराकडे तोंड करून झोपायचा. हे कळलं तेव्हापासून रात्रीच्या फेरीत कोण कुठल्या कुशीवर झोपलंय ते मी बघते.

या शाळांमध्ये मुलांची काळजी घेत नाहीत असं मुळीच नाही. 1892 साली प्रेप स्कूलचे, म्हणजे साधारण तेरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या अशा खासगी शाळांचे, काही हेडमास्तर एकत्र जमले होते ते एवढ्या लहान मुलांसाठी क्रिकेटचा चेंडू केवढा असावा हे ठरवायला. त्यांची आजची मोठी संघटना त्यातूनच उभी राहिली. इतक्या लहान हातांचा कुणी विचार केला होता, हे मला फार आवडतं. पण त्याच हातांवर छडीही बसत होती, आणि इंग्लंडच्या खासगी शाळांत ती कायद्याने बंद झाली थेट 1999 साली. आता छडी नाही, उबदार पांघरुणं आहेत, टेडी आणायला परवानगी आहे, संध्याकाळी घरी फोन करता येतो. दर शुक्रवारी घरी जाणारी मुलंही वाढली आहेत. तरी आठव्या वर्षी घर सुटणं हे आठव्या वर्षी घर सुटणंच. जॉय शॅवेरियन या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी 2011 मध्ये ‘बोर्डिंग स्कूल सिंड्रोम’ असं नावच दिलं: लहानपणी घरापासून तोडलेली माणसं मोठेपणी जवळ येऊ पाहणाऱ्यालाही दूर ठेवतात. तेराव्या वर्षी मोठ्या शाळेत जायला माझी हरकत नाही. आठव्या वर्षी आहे.

आमच्याकडे ‘बोर्डिंग’ या शब्दाला किती वेगळा अर्थ होता! माझे वडील, आण्णा, साताऱ्याला बोर्डिंगात राहून शिकले. गावात चौथीच्या पुढे शाळाच नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली तिथे सगळ्या जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवलं. आणि मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडलं. आण्णा घरी पत्र पाठवायचे, पण आजीला वाचता येत नव्हतं, मास्तर वाचून दाखवायचे. म्हणून आण्णाही ‘मी खुशाल आहे’ एवढंच लिहायचे. त्यांना जाणं भागच होतं. इथल्या मुलांच्या घराजवळ शाळा असतेच.

दुपारभर सुटलेल्या नेमटेप, म्हणजे कपड्यांवरच्या नावाच्या पट्ट्या, शिवत बसले. प्रत्येक मोज्यावर, उशीच्या अभ्र्यावर, टॉवेलवर नाव लागतं. मशीनची शिवण आणि आईची शिवण हाताला लगेच वेगळी लागते. खिडकीजवळच्या मुलाच्या सगळ्या कपड्यांवर बारीक, थोडे वाकडे निळे टाके आहेत. एका मोज्याची पट्टी एका बाजूने सुटली होती. “दे, शिवून देते,” म्हटलं तर त्याने मोजा पाठीमागे धरला.

“सैल असला तरी चालेल, मॅडम.”

रात्री साडेआठला दिवे मालवले. पावणेदहाच्या फेरीत तो भिंतीकडे तोंड करून झोपला होता. मोज्याचं टोक उशीखालून बाहेर आलं होतं. ते मी आत सरकवलं. उद्या धुण्याचा दिवस. त्याच्या यादीत सात जोड्या आहेत, मी साडेसहा लिहिल्या.