बरणी चाळीसची, झाकण ऐंशीचं

जूनमध्ये ठरवलं होतं की दिवाळीपर्यंत दहा टेरॅरियम, म्हणजे काचेच्या भांड्यातल्या छोट्या बागा, करायची आणि एकाही भांड्यावर शंभरच्या वर खर्च करायचा नाही. आजपर्यंत सात झाली. पाच टवटवीत आहेत, एकाचं काही खरं दिसत नाही आणि एक गेलं. झाडांबद्दल पुढच्या वेळी सविस्तर लिहीन. आजची नोंद फक्त भांड्यांची, कारण या चार महिन्यांत सगळ्यात जास्त पायपीट त्यांच्यासाठी झाली.

सुरुवात नेहमीसारखीच. नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका नर्सरीत तयार काचेचे गोळे पाहिले, किंमत विचारली आणि फिटोनिया या शोभेच्या पानांच्या झाडाची दोन रोपं तेवढी घेऊन घरी आले. येताना मनात एकच विचार होता: या छंदाची सुरुवात तर साध्या बाटलीतूनच झाली होती. लंडनचे डॉक्टर नॅथॅनियल वॉर्ड यांनी 1829 च्या सुमारास पतंगाचा कोष ओल्या मातीत घालून बाटली बंद करून ठेवली. कोष पाहता पाहता त्यांना मातीतून उगवलेलं नेच्याचं (फर्नचं) रोप दिसलं. बाहेर धुराने नेचे मरत होते आणि इथे बंद काचेत ते आपलं आपण वाढत होतं. पुढे त्यांच्या काचपेट्यांतून रोपं जहाजावरून थेट सिडनीला पोचली. पण हे प्रकरण घरोघरी जायला काच परवडावी लागते, आणि इंग्लंडमध्ये काचेवर जबर कर होता. तो 1845 मध्ये उठला, काच स्वस्त झाली आणि दिवाणखान्यांतून काचपेट्या दिसू लागल्या. म्हणजे स्वस्त काच शोधणं हा या छंदाचाच भाग आहे, असं मी मनाशी पक्कं केलं आणि बुधवारी गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या काठावर, गेले.

बुधवारच्या बाजारात भाजीची गर्दी ओलांडून पुढे गेलं की जुनं सामान पसरून बसलेले काही जण भेटतात. तिथेच ती दिसली. किराणा दुकानात गोळ्या-बिस्किटांसाठी असायची तशी तिरप्या तोंडाची जाड काचेची बरणी. तळाशी काचेत दोन बारीक बुडबुडे अडकलेले, खांद्याशी काच किंचित हिरवट, आणि वर पत्र्याच्या झाकणाची नुसती गंजाची रेघ.

"झाकण कुठंय, मामा?"

"ताई, झाकण असतं तर चाळीसला दिली असती का?"

चार महिन्यांत जे काही शिकले ते सगळं या उत्तरात आहे. काच मिळते, हवी तेवढी मिळते. झाकणं हरवतात, गंजतात, फुटतात. बिनझाकणाची बरणी कुणाच्याच कामाची नसते, म्हणून ती आपल्याला स्वस्तात पडते. तेव्हा बाजारात टेरॅरियमचं भांडं शोधायचंच नाही. झाकण हरवलेली स्वच्छ काच शोधायची आणि झाकणाचा प्रश्न घरी येऊन सोडवायचा.

पहिल्या वेळी तो मी महागात सोडवला. काचवाल्याकडून 4 मिलिमीटरची गोल चकती कापून, कडा घासून घेतली. ऐंशी रुपये! बरणीच्या दुप्पट. गोल कापायला वेळ लागतो, त्याची मजुरी तो घेणारच, त्याची काही चूक नाही. दुसऱ्या बरणीच्या वेळी जवळच्या फोटोफ्रेमवाल्याकडे गेले. त्याच्याकडे कापून उरलेल्या पट्ट्यांचा ढीग असतो. त्यातून पाच इंची चौकोन त्याने वीस रुपयांत कापून दिला, आणि कडा मी घरी ओल्या पॉलिशपेपरवर घासल्या. गोल तोंडावर चौकोनी झाकण बसवलं म्हणून काहीही बिघडत नाही. उलट कोपऱ्याला धरून उचलता येतं. तिसऱ्या बरणीवर आईच्या फुटलेल्या कपाची काचेची बशी पालथी घातली आहे, तिला खर्च शून्य. बशीचा फायदा असा की मधला फुगवटा वर असल्याने आतलं पाणी कडेला ओघळतं आणि काचेवरून खाली उतरतं. सपाट काचेवरून मात्र थेंब टपटप झाडाच्या शेंड्यावरच पडतात. फिटोनियाची मधली पानं त्यानेच कुजली असावीत असं मला वाटतं, म्हणून त्या चौकोनाखाली एका बाजूला आगपेटीची काडी ठेवून तो जरासा कलता केलाय. तेव्हापासून नवीन पान कुजलेलं नाही.

आता तोंडाचं माप. घरी आणून हात आत न जाणाऱ्या दोन बरण्या माझ्याकडे पडून आहेत. चिमटा आणि सळईने काम होतं, पण मॉस (शेवाळ) दाबून बसवायला आणि आतून काच पुसायला हातासारखं साधन नाही. यावर सापडलेला उपाय म्हणजे बांगडी. माझ्या मापाची जुनी दोन-सहाची एक बांगडी पिशवीत असते. बांगडी आडवी धरून बरणीच्या तोंडातून खाली सोडायची. ती अख्खी उतरली तर माझा हात उतरणारच. टेप काढून मापं घेत बसलं की विकणारा भाव वाढवतो, बांगडीचं त्याला काही वाटत नाही. ज्यांच्याकडे बांगड्या नाहीत त्यांनी घरातल्या कुणाची तरी मागून घ्यावी, पण माप आपल्या हाताचं हवं.

बांगडीसोबत एक लिंबाची फोडही नेते. जुन्या बरण्यांच्या आत पांढुरका थर असतो. तो पाण्याच्या क्षारांचा असेल तर लिंबू घासल्यावर थोडा तरी हलतो, आणि घरी व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवला की निघतो. काचच झिजून धूसर झाली असेल तर लिंबाने काही फरक पडत नाही. अशी बरणी कितीही देखणी असली तरी ठेवून द्यावी, आतलं काहीच दिसणार नाही. शेवटी नखाने टिचकी मारून बघायची. चांगली काच वाजते. ठक्क असा मेलेला आवाज आला तर तळाशी तडा शोधा, बहुतेक सापडतोच.

लोणच्याच्या बरणीबद्दल खूप जण विचारतात. काच उत्तम, पण तेलाचा थर आणि मेथी-हिंगाचा वास चिवट. मूठभर तांदूळ, भांडी घासायचं लिक्विड, अर्धी बरणी कोमट पाणी, आणि पाच मिनिटं खळखळ हलवायचं. तांदूळ कोपऱ्याकोपऱ्यात जाऊन तेल खरवडतात. मग सोडा घालून एक रात्र, आणि दोन दिवस उन्हात उघडी. पावसाळ्यात हा उद्योग करू नका, वास जात नाही.

सगळ्यात मोठं घबाड मात्र मत्स्यालयाच्या दुकानात मिळालं. गळकी टाकी! अठरा इंच लांब, एका कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं म्हणून मागच्या बाजूला टाकून दिलेली. माशांसाठी ती निरुपयोगी, कारण तिथे काठोकाठ पाण्याचा दाब येतो. आपल्याला फक्त ओलसर माती हवी. साठ रुपयांना दिली. आतून त्या कोपऱ्यात सिलिकॉनची बारीक रेघ ओढली आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत दोन दिवस तशीच ठेवली. काचेलाच तडा असेल तर घेऊ नका, फक्त सांधा गळत असेल तर डोळे मिटून घ्या. आज तिच्यात खाली खडी, त्यावर मच्छरदाणीचा तुकडा, इस्त्रीवाल्याकडून आणलेला लाकडी कोळसा कुटून, मग कोकोपीट-माती, आणि हंसराज नावाचा नेचा दोन्ही हातांनी लावता आला. वर तावदानाची जुनी काच.

आपलं गाव वाइनचं, त्यामुळे रिकाम्या बाटल्या फुकट मिळतात. मी पाच बाटल्या कापल्या. कटरने रेघ मारून आळीपाळीने उकळतं आणि गार पाणी ओतलं. दोन सरळ तुटल्या, तीन वेड्यावाकड्या तडकल्या. त्या दोन्ही गडद हिरव्या आहेत आणि आतली रोपं उजेडासाठी लांबुडकी होतायत. वर ज्याचं काही खरं नाही म्हटलं ते यांपैकीच एक. मी तरी यापुढे फक्त बिनरंगी, आरपार दिसणाऱ्या काचेची बाटली कापणार. कापताना हातमोजे आणि चष्मा हवाच. प्लॅस्टिकच्या बरणीवर लवकर चरे पडतात, पण मुलांबरोबर करायला तीच बरी.

जे मेलं ते माझ्या हाताने मेलं. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात बंद बरणी पश्चिमेच्या खिडकीत राहिली आणि दुपारी काच हाताला चटका देत होती. संध्याकाळपर्यंत पानं शिजल्यासारखी काळी पडली. बंद काचेला थेट ऊन नकोच, नाशिकचं ऑक्टोबरचं तर मुळीच नको. आता सगळ्या बरण्या खिडकीपासून चार फुटांवर आहेत. सकाळी काचेचा वरचा भाग धुरकट आणि दुपारपर्यंत स्वच्छ झाला तर पाणी बरोबर आहे. दिवसभर धुकं राहिलं तर झाकण काही तास काढते.

ऑगस्टमधला एक बुधवार असाच गेला. धरणातून पाणी सोडलेलं, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेपर्यंत गंगा, बाजार कुठला भरतोय! त्या दिवशी घराच्या मागच्या भिंतीवरचं मॉस खरवडून आणलं आणि ते अजून हिरवं आहे. पावसाळ्यात आपल्या गच्चीवर, कुंडीवर, विहिरीच्या कठड्यावर हवं तेवढं मिळतं. अंजनेरी-ब्रह्मगिरीवरून कृपा करून कुणी उपटून आणू नका. अंजनेरीवर असं कंदीलपुष्प आहे ज्याला त्या डोंगराचंच नाव मिळालंय. तिथली एक मूठ मातीसुद्धा तिथेच राहू द्या.

आठवं भांडं सध्या डायनिंग टेबलावर आहे. जुन्या फोटोफ्रेमच्या पाच काचा, रद्दीवाल्याकडून पन्नास रुपयांत. चार बाजू, एक तळ. सांध्यांना काल रात्री सिलिकॉन लावलं आणि चारही बाजूंना चिकटपट्टी बांधून ठेवलीय. वास अजून येतोय. परवा दोन बोटं पाणी ओतून खाली वर्तमानपत्र ठेवीन, ओलं झालं की नाही ते लिहिते.