दामोदरचा कोळसा घाट, १:७२ – नोंद चौथी: नदी फसली, ढीग जमला

दामोदर नदीवरच्या जुन्या कोळसा घाटाची १:७२ प्रमाणातली छोटी प्रतिकृती करतोय. मागच्या वेळी घाटाच्या पायऱ्या दाखवल्या होत्या. या महिन्यात नदी ओतायची होती. ओतली आणि फसली. चूक माझीच. पाण्यासाठी रेझिनचा (ओतल्यावर घट्ट होणारं पारदर्शक रसायन) सेंटीमीटरभर थर एकदम ओतला, तो इतका तापला की खालचा थर्माकोल वितळून ऐन दामोदरात खड्डा पडला. आता दोन-दोन मिलिमीटरचे थर, मध्ये एक दिवस सुट्टी.

नव्या मंडळींसाठी: हा बंगालमधल्या राणीगंजजवळचा नारायणकुडीचा घाट. रवींद्रनाथांचे आजोबा द्वारकानाथ ठाकूर यांच्या कार-टागोर कंपनीने बुडालेल्या अलेक्झांडर पेढीची राणीगंज खाण १८३६ मध्ये ७० हजारांना घेतली. हुगळीत जहाजं ओढणाऱ्या वाफेच्या टग बोटींच्या धंद्यातही हीच कंपनी. म्हणजे कोळसा घरचा, गिऱ्हाईकही घरचंच! १८४३ मध्ये प्रतिस्पर्ध्याला सोबत घेऊन बेंगाल कोल कंपनी उभी राहिली.

मी आधी कोरडी नदी करणार होतो, वाळू सोपी पडते. पण नावा दाखवायच्या तर पावसाळाच हवा. दामोदरात नाव चालेल इतकं पाणी तेव्हाच असायचं. बाकीचे महिने खणलेला कोळसा काठावर पडून. पाणी चढलं की नावा खाली दामोदरकाठच्या आमता गावापर्यंत, तिथून दुसऱ्या नावांतून कलकत्ता. राणीगंजला रेल्वे आली १८५५ मध्ये, तोवर सगळं नदीच्या मर्जीवर. हे लक्षात आल्यावर माझा ढीग अगदीच केविलवाणा वाटला. तिप्पट केला.

ढिगासाठी आधी इस्त्रीवाल्याकडचा लोणारी कोळसा कुटला. राखट, मेलेला दिसतो. मग चंद्रपूरच्या मित्राने मूठभर दगडी कोळसा आणून दिला. खलबत्त्यात कुटून रव्याच्या चाळणीने चाळला. काय तुकतुकी आहे! कडांवर उजेड पडला की बारीक चमकतो, रंगाची गरजच नाही. पातळ केलेल्या फेव्हिकॉलने बसवला. चाळणी आईला नवीन आणून द्यावी लागली.

काश्मिरी शाल पांघरलेल्या द्वारकानाथांची छोटी मूर्ती मात्र घाटावरून उचलली. चिखलात मालक उभा करणं खोटं वाटत होतं. त्यांच्यासाठी वेगळा छोटा तळ करतोय: ८ मार्च १८४५, ‘बेंटिंक’ जहाजाचा डेक. विलायतेला डॉक्टरी शिकायला निघालेले चार बंगाली विद्यार्थी, त्यांतल्या दोघांचा खर्च द्वारकानाथांचा. त्याआधी त्यांनी कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या बक्षिसांसाठी तीन वर्षं दरसाल २ हजार रुपये दिले होते. अफूचा व्यापारही याच माणसाचा, हे शालीची किनार रंगवताना डोक्यातून जात नाही.

नावा दोन झाल्यात, प्रत्येकी १८ सेंमी. तिसरीची फळी वाकवताना मोडली, आता वाफ देऊन बघतो. नदीचा पुढचा थर रविवारी. गढूळपणासाठी रेझिनमध्ये पिवळी माती मिसळून कुणी पाहिलीय का?