ठिणगी खरीच असते

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रयोग संपल्यावर कुणी ना कुणी विंगेत येतं आणि विचारतं, "हे सगळं लुटुपुटूचंच ना? मग परवाना, अग्निशमन दल, एवढा बाऊ कशाला?"

मी रंगमंचावर धूर, ज्वाळा आणि ठिणग्या उडवण्याचं काम करतो. लुटुपुटूचं असतं ते गोष्टीतलं युद्ध. त्यासाठी नळीत भरलेली स्फोटक दारू, म्हणजे फटाक्यातली भुकटी, खरी असते आणि ती जळते तेव्हा खरीच जळते.

बोलताना आपण संगणकावर काढलेल्या स्फोटालाही स्पेशल इफेक्टच म्हणतो. कायद्याला त्या स्फोटाशी देणंघेणं नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या आरोग्य व सुरक्षा संहितेत 'स्पेशल इफेक्ट'ची व्याख्याच दिली आहे. नाटक, चित्रपट किंवा टीव्हीसाठी बनवलेल्या वा उडवलेल्या, दारूचं मिश्रण असलेल्या वस्तू, असा तिचा गाभा आहे. प्रेक्षकाला काय दिसतं याच्याशी कायद्याला कर्तव्य नाही, नळीत काय भरलंय ते तो बघतो. युरोपीय संघाच्या २०१३च्या निर्देशातही रंगमंचावरच्या अशा वस्तूंचे टी-१ आणि टी-२ असे दोन गट आहेत. टी-१ कमी धोक्याचा. टी-२ला खास ज्ञान असलेल्या माणसाशिवाय कुणी हात लावायचा नाही.

हे शब्दांचे खेळ वाटत असतील तर २० फेब्रुवारी २००३ची रात्र आठवा. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या 'द स्टेशन' नाइटक्लबमध्ये बँडचं पहिलं गाणं सुरू झालं आणि मागे ठिणग्यांची कारंजी उडाली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना फोम लावलेला होता, त्याने पेट घेतला. पहिले काही क्षण लोकांना तोही कार्यक्रमाचाच भाग वाटला. साधारण दीड मिनिटात आत जीव तगणं अशक्य झालं. शंभर माणसं गेली. त्या कारंज्यांचा परवाना कुणी काढलेलाच नव्हता. पुढे २०१३मध्ये ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात तेच घडलं. उघड्यावर उडवायची नळी बंद क्लबात पेटवली, वर पुन्हा फोमच होता, आणि २४२ माणसं गेली. हे आकडे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो, कारण दोन्हीकडे वस्तू बिघडली नव्हती. ती ठरल्याप्रमाणेच चालली. चुकली होती ती जागा.

परवान्याचा अर्ज जागेबद्दलच विचारतो. कोणती वस्तू, किती, कुठे ठेवणार, ठिणगी कुठवर पडते, वर पडदा आहे का, तो अग्निरोधक आहे का, बटण कोण दाबणार, विझवायला कोण उभं राहणार. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेच्या ११२६ क्रमांकाच्या मानकाप्रमाणे प्रेक्षक किमान १५ फूट दूर हवेत, किंवा ठिणग्या पडतात त्या त्रिज्येच्या दुप्पट अंतरावर. यातलं जे जास्त असेल ते धरायचं. आयोजक नेमके याच अंतरावर घासाघीस करतात. पुढची रांग महाग विकलेली असते ना! मला या घासाघिशीची मनापासून चीड येते.

आता सगळ्यांना कोल्ड स्पार्क हवा असतो. यंत्रात धातूची बारीक भुकटी तापते आणि ठिणग्या होऊन उडते. यात नेहमीची दारू नसते, म्हणून 'याला नियमच नाही' असं बिनदिक्कत सांगितलं जातं. ठिणगी लवकर निवते हे खरं, पण तोटीपाशी ती चांगलीच तापलेली असते. कापडाला 'कोल्ड' हे नाव वाचता येत नाही.

धुराचंही तसंच. कोरड्या बर्फाचा ढग जमिनीलगत सरकतो तेव्हा सुरेख दिसतो. पण तो कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, उतरत खाली, मंचासमोर वादक बसतात त्या खड्ड्यात साचतो. तिथली माणसं बसलेली असतात, त्यांचं नाक नेमकं त्या पातळीला येतं. मंचावर निजलेल्या नटाचंही.

माझ्या हाताखालचा एक मुलगा एकदा न उडालेल्या फ्लॅश पॉटकडे, म्हणजे दारू भरून मंचावर ठेवलेल्या भांड्याकडे, धावला होता. इशारा झाला, मी बटण दाबलं, काहीच झालं नाही. नट थबकला. मुलगा विंगेतून वाकून बघायला निघाला, तोंड बरोब्बर पॉटच्या वर येणार होतं. मी त्याची कॉलर धरून मागे ओढलं आणि ते बटण असलेल्या बोर्डाची किल्ली काढून खिशात टाकली. आमच्याकडे नियम आहे, किल्ली बोर्डात असताना कुणी पॉटजवळ जायचं नाही, आणि न उडालेल्या पॉटला खेळ संपेपर्यंत हात लावायचा नाही. नटाने स्फोटाशिवाय प्रसंग ओढून नेला. प्रेक्षकांना काही कळलंही नाही.

थिएटर रिकामं झाल्यावर मी तारा सोडवून पॉट उघडला. भुकटी आत तशीच होती, कोरडी, पूर्ण भरलेली.