तुम्ही विचारलंत म्हणून : पाल घरी का शिवायचे?

डोंगरात माझे पाल, म्हणजे दोऱ्यांनी ताणून बांधलेले मोकळ्या बाजूंचे कापडी छप्पर, पाहिले की बहुतेक जण एकच प्रश्न दोन भागांत विचारतात. दुकानात तयार तंबू मिळत असताना हे घरी कशासाठी शिवले, आणि पावसात ते टिकते का?

पैसे वाचतात हे खरे असले तरी ते दुय्यम कारण आहे. छपरावर ताण कुठे येतो आणि पाणी कुठून आत शिरू शकते, याचा विचार शिवणाऱ्याला कापड बेततानाच करावा लागतो. त्यामुळे जिथे गरज आहे तिथे तो जास्तीचे कापड घालतो आणि बाकी ठिकाणचे वजन निःशंकपणे काढून टाकतो. इंग्लंडमध्ये १९०१ साली सायकलवरून भटकणाऱ्या तंबूकरांची संघटना उभी करणारा थॉमस हायरम होल्डिंग हा व्यवसायाने शिंपी होता, आणि पाठीवर किंवा सायकलवर नेता येईल इतका हलका तंबू हा त्याच्या आस्थेचा विषय होता. शिंप्याच्या नजरेतूनच हे काम पुढे गेले, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

पहिले पाल सपाट चौकोनी असावे, असे माझे ठाम मत आहे. दीड मीटर पन्ह्याचे कापड सहा मीटर घेतले, त्याचे तीन-तीन मीटरचे दोन तुकडे केले आणि लांबीच्या कडेने जोडले, की जवळजवळ तीन मीटर चौरसाचे छप्पर तयार होते. कापड दोन्ही बाजूंनी सिलिकॉन चढवलेले असावे. चौरस मीटरला साधारण पन्नास ग्रॅम वजनाचे मिळाले, तर दोऱ्यांसकट सगळे पाल सहाशे ग्रॅमच्या आसपास बसते. नायलॉन आणि पॉलिएस्टर यांपैकी मी पॉलिएस्टर निवडतो, कारण नायलॉन ओले झाले की सैलावते आणि ऐन रात्री उठून दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात.

खरी मेहनत मधल्या शिवणीवर घ्यावी, कारण पाल उभारल्यावर तीच आढ्याची रेघ होते आणि सर्वांत जास्त ताण तिच्यावर येतो. दोन्ही कडा एकमेकींत दुमडून, जीन्सच्या पायाला असते तशी, दोन समांतर टिपांची शिवण घालावी, म्हणजे तिथे कापडाचे चार थर होतात. बाहेरून दिसणारी दुमड उताराच्या दिशेला वळलेली हवी, म्हणजे कौलांवरून ओघळावे तसे पाणी तिच्यावरून खाली जाते. सुई नवी आणि बारीक, ११ नंबरची, घ्यावी. दोरा पूर्ण पॉलिएस्टरचा असावा, सुती दोरा ओलाव्याने कुजतो. टाका तीन मिलिमीटरपेक्षा लहान ठेवू नये, कारण दाट टाक्यांनी कापडाला ओळीने भोके पडतात आणि ताण आला की ते तिथेच फाटते. टाचण्यांचीही भोके राहतात, म्हणून कापड निसटू नये यासाठी चिमटे वापरावेत.

सिलिकॉनच्या कापडाला शिवणीवरची चिकटपट्टी धरत नाही; त्याला सिलिकॉनच चिकटते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारे शुद्ध, पारदर्शक सिलिकॉन मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, हवेशीर जागी, ब्रशने शिवणीवर लावावे आणि पुरते वाळू द्यावे. एवढे केले की सुईच्या भोकांतून पाणी झिरपत नाही.

कोपऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. कापड उभ्या-आडव्या धाग्यावर फारसे ताणत नाही, पण उरेप, म्हणजे धाग्यांना तिरके, ओढले की लांबते, आणि कोपऱ्याची दोरी नेमकी उरेप ओढते. म्हणून प्रत्येक कोपऱ्याला आतून त्याच कापडाचे हातभर रुंद थिगळ लावून ताण पसरवावा आणि मगच नाडीचा फास पक्का शिवावा. आढ्याच्या दोन्ही टोकांना आणि बाजूंच्या मध्यावरही असेच फास हवेत. सह्याद्रीतल्या कातळात खुंटी शिरत नाही, तेव्हा दोऱ्या दगडाला वेढा घालून बांधता येतील इतक्या लांब ठेवाव्यात.

आता पावसाविषयी. मे महिन्यातल्या वळवाच्या सरीत, झाडांच्या किंवा उंचवट्याच्या आडोशाला, वाऱ्याकडची बाजू जमिनीपर्यंत उतरवून बांधलेले पाल माणसाला कोरडे ठेवते, आणि बाजू मोकळ्या असल्यामुळे बंद तंबूत श्वासाच्या वाफेचे जसे थेंब गळतात तसे इथे फारसे गळत नाहीत. मात्र आषाढात उघड्या माथ्यावर, चहूकडून झोडपणाऱ्या वाऱ्यात, मी ते कधीच उभारत नाही. तेव्हा गुहा किंवा खालच्या गावातले देऊळ गाठावे. आणि पाऊस कितीही असो, स्टोव्ह पालाखाली पेटवू नये, कारण हे कापड ज्वाळेजवळ क्षणात वितळते.