माझा अनुभव : पुढचे स्ट्रट घरी बदलले, पण तीन दिवस खाल्ले लिंक रॉडच्या नटाने

आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं वाचा न वाचा. पुढचे स्ट्रट, म्हणजे पुढच्या चाकांचे स्प्रिंग बसवलेले शॉकॲब्सॉर्बर, बदलायला घेणार असाल तर दोन्ही बाजूंचे लिंक रॉड नवीन आणून हाताशी ठेवा आणि मगच गाडी जॅकवर घ्या. जुने चांगले दिसत असले तरी. मी आणले नव्हते, आणि जे काम शनिवारी संध्याकाळी संपायचं ते बुधवारी संपलं. अजून राग गेलेला नाहीये म्हणून लिहायला बसले.

गाडी ९४,००० किमी चाललेली, स्ट्रट कंपनीतून आलेलेच. स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर नाक दोन-तीनदा वरखाली व्हायचं, ब्रेक मारला की पुढे झुकायची, आणि खराब रस्त्यावर डाव्या बाजूने खट-खट आवाज. बोनेट दाबून सोडायची परीक्षा मी पण केली होती, त्यात काही कळलं नाही, एका हेलकाव्यात थांबली गाडी. त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. मला खरं कळलं ते टायरवरून हात फिरवल्यावर, रबरात ठिकठिकाणी खळगे पडलेले हाताला लागत होते. मग खाली वाकून पाहिलं तर डाव्या स्ट्रटच्या अंगावरून तेलाचा ओघळ धुळीत मिसळून काळा झालेला. नुसता ओलसरपणा असेल तर घाबरू नका, वरच्या बाजूला थोडं तेल झिरपलेलं असू शकतं, पण ओघळ म्हणजे सील गेलं. गाडीचं वजन स्प्रिंगच पेलते, स्ट्रटच्या आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि त्यात स्प्रिंगची उसळी मरते, तेल गेलं की ती उसळी मारणारं कोणी राहात नाही आणि चाक रस्त्यावर टप्पे खात चालतं. खळगे त्याचेच.

उजवा कोरडा होता. तरी दोन्ही बदलायचे, एक बदलून एक जुना ठेवला तर वळताना आणि ब्रेक मारताना दोन बाजू वेगळ्या वागतात. सोबत वरचं माउंटिंग, बेअरिंग, बम्पस्टॉप (स्ट्रट पूर्ण दबला की टेकतो तो रबर) आणि धुळीचं रबर हे सगळं नवीन घेतलं, हा निर्णय बरोबर ठरला कारण डावं बेअरिंग हातात फिरवलं तर वाळू भरल्यासारखं करकरत होतं. स्प्रिंगसकट जोडून आलेला अख्खा स्ट्रट मिळत असेल तर तोच घ्या, माझ्या गाडीला मिळाला नाही.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले, मग जॅक, मग जॅक स्टँड, चाक काढलं, ब्रेकच्या पाइपची क्लिप आणि एबीएसची वायर सोडवली. अर्धा तास. सगळं छान चाललं होतं.

आणि मग लिंक रॉड.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पुढच्या दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो, वळताना गाडी कलू नये म्हणून, त्या दांड्याचं टोक आणि स्ट्रट यांना जोडणारी वीतभर लांबीची कांडी म्हणजे लिंक रॉड. तिच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट. बॉलमधून एक बोल्ट बाहेर येतो, स्ट्रटच्या कानातून, म्हणजे बाहेर आलेल्या पट्टीच्या भोकातून, आरपार जातो आणि पलीकडे नट. आता अडचण अशी की बोल्ट बॉलला जोडलेला आणि बॉल आपल्या वाटीत मोकळा फिरतो, म्हणजे नट फिरवला की बोल्टही सोबत फिरणार. त्यासाठी बोल्टच्या टोकाला मधोमध षटकोनी खाच दिलेली असते, तिच्यात ॲलन की घालून बोल्ट धरायचा आणि रिंग पान्याने नट फिरवायचा. मी जितके व्हिडिओ पाहिले त्या सगळ्यांत हे काम चार सेकंदांत होतं. "आता लिंक रॉडचा नट काढा," आणि पुढच्या क्षणाला नट त्यांच्या तळहातावर. त्या सगळ्या गाड्यांचे नट स्वच्छ होते. माझा नट गंजून बोल्टशी एकजीव झालेला आणि ती षटकोनी खाच मातीने भरलेली, मला ती खाच आहे हे सुद्धा सुईने माती उकरल्यावर दिसलं.

गंज सोडवायचा स्प्रे मारला, वीस मिनिटं थांबले, पुन्हा मारला. नट हलला! दीड-दोन फेरे आला आणि मला वाटलं झालं. तिथे बोल्टच्या उघड्या आट्यांवर गंजाचा थर होता, नट त्याच्यावर चढला आणि अडकला. जोर लावला तर ॲलन की खाचेत गरकन फिरली. खाच गोल झाली. त्यानंतर नट फिरतोय, बोल्ट पण फिरतोय, दोघं जोडीने कितीही वेळ फिरतील, बाहेर काही येत नाही.

इथे माझी चूक काय झाली ते सांगते म्हणजे तुमची होणार नाही. बाहेर आलेले आटे आधी तारेच्या ब्रशने घासून साफ करायचे असतात, नट हलवायच्याही आधी. आणि नट अडला की पुढे जोर लावायचा नाही, अर्धा फेरा मागे, स्प्रे, पुन्हा पुढे, असं मागेपुढे करत काढायचा. पहिले दीड फेरे सहज आले म्हणून मी घाई केली.

मग एकेक उपाय. गोल झालेल्या खाचेत किंचित मोठा टॉर्क्स बिट (चांदणीसारख्या टोकाचा) हातोडीने ठोकून बसवला, अर्धा फेरा धरला, मग तो पण गेला. रबरी टोपीच्या मागे बोल्टला ग्रिप प्लायरने धरायचा प्रयत्न केला, टोपी फाटली, आतलं ग्रीस हातावर आलं आणि ग्रीसमुळे पकड घसरायला लागली. टॉमीने (लोखंडी पहारीने) बॉलवर दाब देऊन बोल्ट घट्ट बसवून बघितला म्हणजे फिरणार नाही, धाकट्या भावाने दाब धरला, मी पाना फिरवला, पाव फेरा मिळाला आणि टॉमी सटकली. भाऊ म्हणाला, "ताई, आता सोड, गॅरेजवाल्याला इथेच बोलवू." मी सोडलं नाही. रात्री साडेनऊपर्यंत तो एक नट.

रविवारी सकाळी स्प्रेमध्ये रात्रभर भिजलेला नट तसाच. एक गोष्ट मात्र तेव्हा लक्षात आली, मी फक्त डावी बाजू उचलली होती. डावं चाक लटकतंय, उजवं जमिनीवर, म्हणजे तो आडवा दांडा पिळलेला आणि त्याचा सगळा ताण लिंक रॉडवर. उजवी बाजू पण उचलून स्टँडवर घेतली आणि कांडी एकदम मोकळी हलायला लागली. लिंक काढताना पुढची दोन्ही चाकं सारखी लटकलेली हवीत किंवा दोन्ही जमिनीवर. हे कोणी सांगत नाही.

नट तरीही आला नाहीच. शेवटी ग्राइंडर. याला मी शनिवारपासून घाबरत होते कारण ब्रेकचा रबरी पाइप तिथून जेमतेम चार बोटांवर आणि ड्राइव्ह शाफ्टचं, म्हणजे इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याचं, रबरी बूटही जवळच. मग डोक्यात आलं की स्ट्रट तर भंगारातच जाणार आहे! म्हणजे चकती नटावरून स्ट्रटच्या कानात घुसली तरी काही बिघडत नाही, फक्त तिचं तोंड त्या बाजूला ठेवायचं. पाइप बाजूला बांधला, त्याच्यावर आणि बुटावर ओला फडका गुंडाळला, डोळ्यांना चष्मा, हातात जाड मोजे, ग्रीस पुसून काढलं कारण ठिणग्या. नट कानासकट कापत गेले. सात-आठ मिनिटं. बोल्ट तुटून कांडी खाली लोंबली तेव्हा मी तिथेच जमिनीवर बसले आणि भाऊ टाळ्या वाजवत होता.

पण आता लिंक रॉड कापलेला आणि नवीन घरात नाही. रविवार. सोमवारी मागवला, मंगळवारी आला तो बोटभर लांब निघाला, दुसऱ्या इंजिनच्या मॉडेलचा. परत पाठवला, बुधवारी दुपारी योग्य आले, तेव्हा दोन्ही बाजूंचे घेतले. तीन दिवस गाडी स्टँडवर. म्हणून म्हणते, आधी आणा, आणि आणल्यावर जुन्याच्या शेजारी धरून लांबी आणि आटे जुळतात का ते काम सुरू करायच्या आधी बघा.

आणि सगळ्यात जास्त चीड कशाची आली ते ऐका. सोमवारी वाट बघताना उजव्या बाजूखाली झोपून मी नुसती पाहात होते, तेव्हा दिसलं की लिंक रॉडला खालचं टोक पण आहे! ते आडव्या दांड्याला जोडलेलं, आणि तिथला नट जवळजवळ कोरा. तो पाच मिनिटांत निघाला. कांडी स्ट्रटलाच लटकलेली ठेवून अख्खा स्ट्रट बाहेर काढला आणि वरचा नट बाकावर शिकंज्यात धरून कापला, ना ब्रेक पाइपची भीती ना बुटाची. डाव्या बाजूला मी दीड दिवस वरच्या नटाशी झुंजले आणि खालचा हात लावूनही पाहिला नव्हता, कारण प्रत्येक ठिकाणी वरचाच काढतात. तुमच्या गाडीत जो टोकाचा नट बरा असेल तो काढा, स्ट्रट बाहेर यायला एकच टोक सुटलं तरी पुरतं.

बाकीचं काम त्यामानाने शांतपणे झालं. नकलचे, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या तुकड्याला स्ट्रटशी जोडणारे, दोन मोठे बोल्ट काढताना लक्षात ठेवा, डोक्याजवळ त्यांना दाते असतात, म्हणून डोकं धरून ठेवायचं आणि नट फिरवायचा, उलटं केलं तर दाते भोक खराब करतात. काढायच्या आधी पांढऱ्या रंगाने खुणा केल्या. दुसरा बोल्ट निघाला की नकल वरून बाहेर कलते, तिला दोरीने बांधा नाहीतर ब्रेक पाइप ताणला जातो आणि शाफ्टचा आतला जॉइंट निसटू शकतो. स्ट्रटला गाडीच्या अंगाशी धरणारे वरचे तीन नट शेवटी, खालून कोणीतरी स्ट्रट धरलेला असताना.

वरच्या तीन नटांच्या मधोमध जो एक मोठा नट दिसतो त्याला गाडीत असताना हात लावायचा नाही. दाबलेली स्प्रिंग त्या एका नटाने धरलेली असते. हे मी आधी लिहायला हवं होतं. स्ट्रट बाहेर काढून, समोरासमोर दोन स्प्रिंग कंप्रेसर लावून, दोन्हीकडे आळीपाळीने दोन-दोन फेरे देत स्प्रिंग आवळायची, ती वरच्या बैठकीतून सुटून हाताने हलली की मगच मधला नट. तोंड स्प्रिंगच्या रेषेत आणायचं नाही. मी हे सगळं हाताच्या पान्याने केलं, इम्पॅक्ट गन नाही, हळू झालं पण प्रत्येक फेऱ्याला काय हलतंय ते दिसत होतं.

जुना स्ट्रट हाताने दाबला तर दांडा खाली गेला तो खालीच राहिला. नवीन गॅसचा, तो दाबून सोडला की आपोआप हळूहळू वर येतो. बसवायच्या आधी उभा धरून चार-पाचदा पूर्ण दाबून सोडला म्हणजे आतली हवा निघते. चकचकीत दांड्याला पकड लावू नका, एक ओरखडा पडला की तो सील कापतो, मधला नट आवळताना दांडा त्याच्या टोकाच्या खाचेनेच धरायचा. स्प्रिंगचं शेपूट खालच्या बशीतल्या पायरीला टेकलेलं आहे का ते कंप्रेसर सोडायच्या आधी बघा, माझं एका बाजूला बोटभर सरकलं होतं आणि पुन्हा आवळावं लागलं. नायलॉनवाले नट सगळे नवीन, टॉर्क, म्हणजे नट किती जोराने आवळायचा तो आकडा, गाडीच्या मॅन्युअलमधून, दुसऱ्या कुठल्या गाडीचा आकडा घेऊ नका.

खुणा केल्या म्हणून व्हील अलाइनमेंट टाळू नका. अर्ल मॅकफर्सन यांची ही रचना, फोर्डने १९५० मध्ये कॉन्सल आणि झेफिर गाड्यांत आणली, तिच्यात चाकाला वरून धरणारा वेगळा आर्म नसतोच, चाकाचा कल स्ट्रटच धरून ठेवतो. म्हणजे स्ट्रट बदलला की तो कल थोडा तरी बदलणारच. माझं स्टिअरिंग सरळ रस्त्यावर किंचित डावीकडे बसत होतं, मशीनवर टो (चाकाचं तोंड आत-बाहेर किती वळलंय) आणि कॅम्बर (चाकाचा कल) दोन्ही डाव्या बाजूला मर्यादेबाहेर निघाले. खुणेवर खूण जुळवलेली असून.

पहिल्या स्पीडब्रेकरवर गाडी एकदा बसली आणि उठली, बस. खट-खट बंद. भाऊ शेजारी बसला होता, म्हणाला परत घे त्याच्यावरून, चार वेळा घेतली. शंभर किमी झाल्यावर सगळे नट पुन्हा तपासले, एकही सैल नव्हता. टायरचे खळगे मात्र तसेच आहेत, ते भरून येत नाहीत, त्यांची घूं-घूं टायर बदलेपर्यंत राहील.

मागचे शॉकॲब्सॉर्बर पुढच्या महिन्यात घेणार. त्यांचे खालचे बोल्ट आत्ताच ब्रशने घासलेत आणि एक दिवसाआड स्प्रे मारतेय.