पिंप भरेपर्यंत

आमच्याकडे प्यायचं पाणी सव्वापाचला येतं आणि सहाला जातं. इमारतीला टाकी आहे, पण ते पाणी वापरायचं. प्यायचं थेट लाइनचं, आणि ते एकाच नळाला, मोरीतल्या. तिथे पन्नास लिटरचं निळं पिंप आहे, मग हंडा, मग दोन कळश्या. नळ सोडून पुन्हा पाच मिनिटं आडवं व्हावं तर पिंप उतू जातं, हे दोनदा करून झालंय. दुसऱ्या वेळी पाणी पॅसेजमधून हॉलमध्ये झोपलेल्या सासूबाईंच्या गादीपर्यंत पोचलं होतं. तेव्हापासून मी मोरीच्या उंबऱ्याशी पाट टाकून बसते. नुसतं बसून तरी काय करायचं, म्हणून कादंबरी वाचते.

पाण्याकडे बघत बसावं लागत नाही. पिंप रिकामं असताना धार तळावर आपटते तो आवाज घोगरा असतो. पाणी चढत जाईल तसा आवाजही चढत जातो, बारीक होत जातो. शेवटची चार बोटं उरली की तो इतका किनरा होतो की डोळे पुस्तकात असले तरी हात आपोआप नळाकडे जातो. एवढ्यात माझी सहा पानं होतात. हंड्याला दीड-दोन. कळश्यांच्या वेळी मी पुस्तक मिटते, कारण कळशीला एक परिच्छेदसुद्धा धड होत नाही.

बाकी दिवसात वाचन होत नाही असं नाही, पण ते भुरट्या चोरासारखं. कुकरची शेवटची शिट्टी व्हायची असताना, मुलाच्या क्लासबाहेर स्कूटरवर बसून, पतपेढीत सर्व्हर बंद पडला की. लोकलमध्ये वाचता येतं असं म्हणणाऱ्यांनी एकदा सकाळी आठ-वीसला डोंबिवलीहून चढून दाखवावं. ठाण्यापर्यंत माझा एक हात वरच्या कडीला आणि दुसरा कुणाच्या तरी पर्सखाली अडकलेला असतो. मुंब्र्याचा डोंगर मी अनेक वर्षांत नीट पाहिलेला नाही. ऐकायच्या कादंबऱ्याही करून पाहिल्या, पोळ्या करताना. वाचणारा बाप्या छान वाचत होता, पण पोळी फुगली म्हणून तो थांबत नाही. पुस्तक थांबतं. जिथे टाकलं तिथे, तसंच उघडं पडून राहतं बिचारं.

मोठे दीर दिवाळीला आले की वाचनाचा विषय निघतोच. "मृत्युंजय मी एका बैठकीत वाचली," हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय, म्हणजे एकोणीस वर्षं. यंदा मी हिशेब केला. पतपेढीत काम केल्यावर ही खोड लागतेच. पुस्तकाची पानं सातशेच्या वर. तासाला चाळीस धरली तरी साडेसतरा तास.

"मग भाऊजी, मधे जेवलात की नाही?"

"जेवलो की. वाचता वाचताच."

"वाढलं कुणी?"

भाऊजी चकलीकडे वळले. जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, पण जरा वेळाने ताटातली सगळ्यात मोठी करंजी माझ्या बशीत आली.

कादंबरीचं कौतुक करताना लोक म्हणतात, हातातून खाली ठेववत नाही. मला तर खाली ठेवता येणारीच हवी असते. रहस्यकथा पिंपाकाठी अजिबात चालत नाही. एकदा खुनी सापडायला चार पानं उरली होती आणि पाणी गेलं. त्या दिवशी काउंटरवर आलेल्या प्रत्येक कर्जदाराकडे मी संशयाने बघत होते. त्यापेक्षा जिच्यातली माणसं आपण उठून गेलो तरी आपापलं जगत राहतात, अशी बरी. सकाळी सोडलेला माणूस दुसऱ्या सकाळी जरा वेगळाच भेटतो, कारण मधल्या चोवीस तासांत आपण त्याच्याशी मनातल्या मनात चार गोष्टी बोललेल्या असतात. बेडेकरांची 'रणांगण' १९३९ सालची, अगदी लहानशी कादंबरी. युरोपातून मुंबईकडे येणाऱ्या बोटीवर घडते. भाऊजींसारख्याचं ते एका दुपारचं काम. मला पंधरा-सोळा दिवस लागले. बोट माझ्या आधी मुंबईला लागली असेल, पण फार आधी नाही. मी त्या प्रवासात पुरती होते. दिवसभर व्हाउचरवर शिक्के मारताना सुद्धा पायाखाली थोडं हलत असायचं.

आणि हे तुकड्यातुकड्याने वाचणं काही माझ्यापासून सुरू झालेलं नाही. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' काढलं आणि 'पण लक्षात कोण घेतो' त्यात क्रमशः छापली. यमूचं पुढे काय झालं हे कळायला पुढच्या अंकाची वाट बघायची. पुण्यातल्या एखाद्या वाड्यात हौदावर घागर बुडवता बुडवता कुणी बाई मागच्या अंकातल्या यमूची काळजी करत असेल, असं मला उगाच वाटत राहतं. उगाचच, कारण त्या बाईला वाचता येत होतं का, येत असलं तर सासरी वाचू देत होते का, हीच तर त्या कादंबरीतली बरीचशी गोष्ट आहे.

तर गेल्या जूनमध्ये मी वाचनालयातून 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड आणला. श्री. ना. पेंडशांची, १९८७ सालची. दोन जाडजूड खंड आणि खोतांच्या चार पिढ्या. मुलाने कव्हर पाहिलं आणि विचारलं, "आई, तो हस्तरवाला पिक्चर? त्याचं पुस्तक पण आहे?" त्याला सांगितलं, बाबा रे, त्या २०१८च्या सिनेमात तुंबाड हे नाव आहे, पण गोष्टीचा याच्याशी संबंध नाही. यात राक्षस नाही, खोत आहेत. "म्हणजे सेमच," तो म्हणाला. पुढे वाचत गेले तसं त्याचं म्हणणं काही ठिकाणी पटलं.

पिंपाकाठी चार पिढ्या सांभाळायच्या म्हणजे घोटाळा होणारच. कोण कुणाचा मुलगा, कुणाचं कुणाशी बिनसलं, हे सहा पानांच्या अंतराने विसरायला होतं. म्हणून गॅसच्या पावतीमागे वंशावळ काढली आणि फ्रिजला चुंबकाने लावून ठेवली. सासूबाईंचं माहेर चिपळूणचं. नात्यागोत्यांचा कागद दिसल्यावर त्यांना राहवणार कसं? दोन दिवस आलटून पालटून वाचून झाल्यावर म्हणाल्या, "हे आपल्यातले नाहीत."

"नाहीत. पुस्तकातले आहेत."

"मग फ्रिजवर कशाला?"

जुलैमध्ये पाऊस लागून राहिला. संध्याकाळी मी कणीक मळत होते आणि टीव्हीवर बाई सांगत होती, खेडमध्ये जगबुडी नदीने इशारा पातळी ओलांडली. दरवर्षी सांगतात. दरवर्षी माझ्या कानावरून जातं. खेडच्या लोकांची दरवर्षी झोप उडत असेल, पण माझ्यासाठी ती टीव्हीच्या तळाशी पळणारी एक ओळ होती. पण तुंबाड त्याच जगबुडीच्या काठी, आणि मी गेले पाच आठवडे रोज पहाटे त्या काठावर बसत होते. कणकेच्या हाताने बाहेर आले आणि तोंडातून गेलं, "अगं बाई! खोतांचं काय आता?"

"कोण खोत?" सासूबाई ताडकन उठून बसल्या. "फ्रिजवरचे?"

मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा लावला आणि खेडला भाच्याला फोन केला. तो म्हणाला, मटण मार्केटच्या बाजूला पाणी आहे, आम्ही वर आहोत, ठीक आहोत, आत्याने बऱ्याच दिवसांनी फोन केला. बोलणं अर्धा तास चाललं. फोन ठेवल्यावर त्यांनी मला सांगितलं, "सगळे बरे आहेत." कुणाविषयी सांगत होत्या ते मी विचारलं नाही. त्या दिवसापासून मात्र त्या सकाळी चहाला विचारायला लागल्या, आज काय झालं तुझ्या खोतांकडे. मी सहा पानांचं दोन वाक्यांत सांगायचे आणि त्या खोतांना चार शिव्या द्यायच्या.

पहिल्या खंडाच्या शंभराव्या पानाच्या आसपास मला ते टिंब दिसलं. समासात, ओळीच्या शेवटी, पेन्सिलीचं, मोहरीएवढं. आधी वाटलं छपाईचा डाग. मग चार पानांनी आणखी एक. पुढे पाचावर, तिसऱ्यावर, पुन्हा चौथ्यावर. मागे जाऊन पाहिलं तर अगदी सुरुवातीपासून होती, मीच बघितली नव्हती. टिंब नेहमी अशा ठिकाणी, जिथे कुणी शहाणा माणूस वाचन थांबवणार नाही: ऐन भांडणात, संवादाच्या मध्यावर, एकदा तर अर्ध्या वाक्यात. हाक आली की उठावं लागणाऱ्या माणसाची ती टिंबं होती. वाचनालयाच्या पुस्तकावर खुणा करू नयेत अशी सूचना पहिल्याच पानावर चिकटवलेली असते. म्हणूनच बहुधा एवढं बारीक.

मग माझं वाचन दुहेरी झालं. खोतांचं काय होतंय ते आणि हिचं काय होतंय ते. ती बाईच, हे मी ठरवून टाकलं होतं. पुरावा काही नाही. एका ठिकाणी दोन टिंबांच्या मधे एकोणीस पानं होती. रविवार असेल, किंवा घरचे लग्नाला गेले असतील. एका पानावर लागोपाठ तीन टिंबं. त्या दिवशी तिच्या घरी काय चाललं होतं देव जाणे. पाहुणे, आजारपण, की नुसतीच झोप. माझ्या पिंपाला तिच्या पानांपेक्षा दोन पानं जास्त होत होती, याचा मला सूक्ष्म अभिमानही वाटायचा.

पहिला खंड तीनदा तारीख वाढवून गणपतीआधी संपला. पुस्तक बदलायला गेले तर खिडकीतले काका म्हणाले, "दुसरा खंड बाहेर आहे." पुढच्या आठवड्यात तेच. नवरात्रातही तेच. "दंड वाढतोय हो त्यांचा," काका म्हणाले. कुणाचा ते सांगत नाहीत, नियम आहे. मला मात्र शंका नव्हती. दुसरं कुणीही असतं तर मी चिडले असते. आता वाटायचं, होऊ दे बाई तुझं, सावकाश होऊ दे. मधे दुसरी एक कादंबरी आणली, पण पिंपाशी बसलं की मन जगबुडीवर. चहाला सासूबाई विचारायच्या, "अजून नाही आला का खंड?" जणू टपालाने यायचा होता.

याच काळात दोन संकटं आली. सोसायटीच्या सभेत प्यायच्या पाण्याची वेगळी टाकी बसवायचा ठराव मांडला गेला. खर्च झेपणार नाही म्हणून ज्यांनी विरोधात हात वर केला, त्यांत माझा सगळ्यात आधी होता. आणि एका रविवारी नवरा प्रेमाने म्हणाला, "एवढ्या पहाटे उठतेस रोज. उद्यापासून मी भरत जातो पाणी, तू झोप." मी इतक्या जोरात नको म्हणाले की त्याला वाईट वाटलं. तुला पिंपाचा आवाज कळत नाही, असं काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

दुसरा खंड दिवाळीनंतर हातात आला. पायरीवरच उघडून पाहिला. होती टिंबं. तीच मोहरी, तीच तीन-चार पानांची पावलं. डिसेंबर आणि अर्धा जानेवारी आम्ही दोघी पुढेमागे चालत राहिलो. आणि साडेपाचशेच्या जरा पुढे एक टिंब आलं, त्यानंतर काहीच नाही. दहा पानं उलटली, वीस, पन्नास. शेवटपर्यंत कोरी.

मी तेव्हा मिटलं पुस्तक, पण दिवसभर तेच डोक्यात. सोडून दिली असेल का इतकी येऊन? दंडाला घाबरून परत केली? घरात काही झालं? रात्री भांडी घासताना दुसरंच सुचलं आणि मी थबकले. म्हणजे तिला मिळाली. बैठक! कुठून कशी मिळाली कोण जाणे, पण त्या टिंबाशी बसली ती उठलीच नसेल, थांबलीच नसेल, मग टिंब कशाला काढील? कुणी वाढलं असेल का तिला? खरं सांगते, आनंदापेक्षा हेवा जास्त वाटला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सव्वापाचला नळ सोडला, पाट घेतला, शेवटच्या टिंबावर बोट ठेवलं आणि सुरुवात केली. पिंप घोगरं वाजत होतं. मग चढायला लागलं. मग बारीक झालं. मला ऐकू येत होतं, येत नव्हतं असं नाही. आणखी एक पान, म्हटलं. मग आणखी एक. कधीतरी पाय गार लागले, मी ते पाटावर घेतले आणि पुस्तक जरा वर धरलं. किती पानं झाली कोण जाणे.

हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला, "अगं ए, जगबुडी घरात आली का?"