दोनदा खट्

आमचा धंदा टॉवेलचा. सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सासऱ्यांनी टाकलेले माग अजून चालतात. त्यामुळे सीट म्हटली की आमच्या घरात पहिला हात कापडाकडे जातो. वीण बघायची, नखानं खरवडायचं, ओलं बोट फिरवून रंग सुटतो का बघायचं. गाडीची मागची सीट बदलायची वेळ आली तेव्हाही आम्ही आठवडाभर कापडाच्या रंगावरच वाद घालत बसलो. सीट म्हणजे आतलं लोखंड, हे मला पुढच्या चार महिन्यांत हळूहळू कळत गेलं.

मार्गशीर्षातला रविवार होता. बाळे गावच्या खंडोबाची यात्रा, पुणे रोडला गर्दी. मी एकटीच होते, मागं डिकीच्या दारापर्यंत टॉवेलच्या गाठी ठासलेल्या. पुढची एसटी थांबली, मी थांबले, माझ्या मागचा पिकअप मात्र थांबला नाही. मला काही लागलं नाही. डिकीचं दार डाव्या बाजूनं आत गेलं आणि त्यानं गाठी पुढं ढकलल्या. टॉवेल मऊ असला तरी बांधलेली गाठ मऊ नसते. मागच्या सीटची पाठ तिनं अशी दाबली, की डावीकडचं लॉकच वाकलं.

आमची गाडी इलेक्ट्रिक, पाच माणसांची, तेव्हा अडीच वर्षांची. मागच्या सीटची पाठ दोन तुकड्यांत घडी होते, साठ-चाळीस. मोठा तुकडा डावीकडे, छोटा उजवीकडे. प्रत्येक तुकड्याला बाहेरच्या कडेला एक लॉक आहे. ते गाडीच्या बॉडीला बोल्टनं बसवलेल्या, घोड्याच्या नालेच्या आकाराच्या जाड सळईला धरतं. दोन्ही लॉक बसली तर सीट. एक सुटलं तर ती नुसती उभी केलेली फळी.

आणि मोठ्या तुकड्याचं लॉक म्हणजे नुसता टेकायचा आधार नव्हे, हेही मला तेव्हाच समजलं. आमच्या गाडीत मधल्या माणसाच्या बेल्टची गुंडाळी त्या पाठीच्या आतच बसवलेली आहे. म्हणजे जोराचा ब्रेक लागला तर मधल्या माणसाचं सगळं ओझं पाठीवर, आणि पाठीचं त्या लॉकवर. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्रींचा अपघात झाला, तेव्हा मागच्या सीटवर बेल्ट लावलेला नव्हता म्हणून केवढी चर्चा झाली. त्यानंतर आमच्याकडं मागं बसणाराही बेल्ट लावतो. पण बेल्ट ज्याला बांधलाय तेच सुटं असलं तर?

अशोक चौकाकडं एक कुशनवाले आहेत, आमच्या ओळखीचे. त्यांना दाखवलं. ते म्हणाले, “वहिनी, कशाला कंपनीत जाताव? फ्रेम सरळ करून वेल्डिंग मारतो. अडीच हजार. वर नवीन रेक्झिन.” खरं सांगते, मोह झाला. मग सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिकला विचारलं, तर तो हसलाच. सीटच्या फ्रेमचं पोलाद पातळ पण मुद्दाम कडक केलेलं असतं. तापवून ठोकलं की त्याचा कडकपणा जातो, दिसायला मात्र सरळ दिसतं. शिवाय वेल्डिंगच्या ठिणग्या कुठं उडणार? सीटच्या खाली, फरशीखाली, अख्खी बॅटरी आहे. कुशनवाल्यांना मी एवढंच म्हटलं, की इन्शुरन्समधून करतोय. त्यांना वाईट वाटायला नको.

नवऱ्याची आयडिया वेगळीच. “मागची सीट काढूनच टाकू की. माल बसेल भरपूर.” आरसीवर आसनक्षमता पाच लिहिलीय. नोंदणीत लिहिलंय त्याच्याशी न जुळणारा बदल गाडीत करायचा नाही, असं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं. आणि खासगी गाडी रिकामी करून मालगाडी केली, तर पुढच्या क्लेमला इन्शुरन्सवाले आपल्याला दारात तरी उभं करतील का? विषय तिथंच संपला.

क्लेमबद्दल फार लिहीत नाही, कागदपत्रं सगळ्यांची सारखीच. एक गोष्ट मात्र सांगते. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादाचं कव्हर, घेतलेला नसेल, तर साध्या पॉलिसीत प्लास्टिक-रबराच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, आणि दोन ते तीन वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर 15 टक्के. आमचा झिरो डेप होता. तरी सर्व्हेअर साहेब एका मुद्द्यावर हलेनात. मोडलाय तो मोठा तुकडा, तोच मंजूर. छोट्याला काही झालेलं नाही, तो कशाला बदलायचा? नियमानं त्यांचं बरोबर होतं. पण आमच्या सीटचा फिकट बदामी रंग मिळेना, आलं ते काळपट राखाडी. तर आता आमची मागची सीट डावीकडं अमावास्या, उजवीकडं पौर्णिमा.

पार्ट यायला सहा आठवडे लागले. आधी फ्रेम आली, मग फोम, आणि कव्हर सगळ्यात शेवटी. मधे सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा आली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत सोलापुरात कुणाकडून काम होईल ही अपेक्षाच करू नये, आणि करणाराही सोलापूरकर नसावा. घरात पाहुणे, आणि गाडीची मागची सीट आडवी पाडून सुतळीनं बांधलेली. पाहुण्यांना रिक्षानं फिरवलं. विजापूरहून आलेल्या चुलतसासऱ्यांनी, “एवढी मोठी गाडी घेऊन ठेवलाव आणि बसायला जागा नाही,” हे वाक्य तीन दिवसांत पाच वेळा ऐकवलं.

सीट बसवताना मी समोर उभी राहिले. राहू देत नव्हते, पण राहिले. मेकॅनिकनं आधी गाडी बंद करून बारा व्होल्टची छोटी बॅटरी सोडवली आणि थोडा वेळ नुसता थांबला. मग खालची गादी काढली. आमच्या गाडीत तिच्या खालीच मोठ्या बॅटरीचा प्रवाह तोडायचा प्लग आहे आणि तिथून नारिंगी केबल जाते. तो म्हणाला, “ताई, नारिंगी दिसली की हात मागं.” म्हणूनच बाहेरच्या कुणाकडून सीटखाली स्क्रू मारून घेणं, संगीताचा डबा बसवून घेणं, असले प्रकार या गाड्यांत करू नयेत. तिथं खाली काय आहे ते त्याला माहीत नसतं.

बसली सीट. ढकलली, खट् वाजलं. बटणाशेजारी एक लाल पट्टी असते. लॉक पूर्ण बसलं की ती आत जाते. ती आत गेली नव्हती, नखाएवढी बाहेर. मी दाखवलं. “राहू दे हो, सवयीनं बसतंय.” सीटला कसली सवय लागते? मी चावी घेतली नाही. जॉबकार्डवर ‘डावे लॉक पूर्ण बसत नाही’ असं लिहून द्या म्हटलं. लिहायची वेळ आली तेव्हा मोठे मेकॅनिक आले. त्यांनी वाकून बघितलं आणि दोन मिनिटांत सांगितलं की सीट ठीक आहे, बॉडीवरची ती नालेची सळईच धक्क्यानं सरकलीय. नवी सीट जुन्या वाकड्या सळईला धरायला बघत होती. सळई बदलली, बोल्ट ढिले ठेवले, सीट लावून बघितली, जागा जुळल्यावर टॉर्क पान्यानं आवळले. मग जे वाजलं ते पहिल्या आवाजाहून जाड होतं. मागाचा धोटा, आडवा धागा नेणारा, नीट गेला की नुसत्या आवाजावरून कळतं, तसं.

आता रोजच्या वापरातलं.

नवा फोम कडक आहे. या गाड्यांत बॅटरीमुळं फरशी उंच, त्यामुळं मागं बसलं की गुडघे वर येतात आणि मांड्यांना आधार कमी मिळतो. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आता छोट्या बदामी तुकड्यावरच बसतात. “काळी सीट म्हणजे पाटावर बसल्यागत वाटतंय,” म्हणतात. चार महिन्यांत थोडी मऊ झालीय. पण मेच्या उन्हात, चाळिशी ओलांडलेल्या पाऱ्यात, ती काळी बाजू जी तापते तिला तोड नाही. बेल्टच्या बकलला उघडा हात लावायची सोय नाही.

पाठ आडवी पाडताना कडेचा बेल्ट क्लिपमध्ये अडकवून ठेवावा लागतो. नाहीतर पाठ परत उभी करताना तो मागं अडकतो, लॉकखाली चेंगरतो. मी एकदा चेंगरवला. कडेचे धागे निघाले होते. आमच्या घरातला कुणीही सांगेल, कड सुटली की कापडाचं आयुष्य संपलं. बेल्ट बदलून घेतला, स्वतःच्या खिशातून.

नणंदेच्या बाळाची सीट आम्ही मोठ्या तुकड्यावर लावतो. बाळाची सीट अडकवायच्या, आयसोफिक्स म्हणतात त्या, दोन कड्या पाठ आणि गादीच्या फटीत असतात, दोन्हींमधलं अंतर ठरलेलं, 280 मिलिमीटर. वरचा पट्टा मात्र पाठीच्या मागच्या हुकाला जातो. म्हणजे बाळ आलं की तो तुकडा पडत नाही, आणि माल फक्त चाळीसात. हे आधी कळलं असतं तर बाळाची सीट चाळीसकडे लावली असती, पण तिथं आई बसतात आणि त्या जागेवरून त्यांना उठवणं माझ्या हातात नाही.

गाठी सीटवर ठेवायच्या नाहीत हेही शिकलो. गादीखालच्या सेन्सरला गाठ म्हणजे माणूस. मोहोळपर्यंत बेल्टचा बजर टॉवेलसाठी वाजत राहिला. आता पाठ पाडून गाठी आडव्या, उंची सीटच्या पाठीपेक्षा कमी, आणि डिकीतल्या हुकांना पट्ट्यानं बांधून. वजनानं रेंज, म्हणजे एका चार्जिंगमध्ये गाडी जाते ते अंतर, थोडी कमी होते, पण हायवेवर शंभरच्या वर नेलं की जेवढी पडते त्याच्यापुढं काहीच नाही.

अमावास्या-पौर्णिमा झाकायला आम्ही काय केलं असेल? टॉवेल. आमचेच, मोठ्या पन्ह्याचे, जाड लूपचे. आईंनी स्वतः बेतून बकलसाठी आणि आयसोफिक्ससाठी खाचा ठेवून शिवले. पाहुणे आता रंग बघत नाहीत, टॉवेलचा भाव विचारतात.

परवा तुळजापूरला निघालो होतो. रोजच्यासारख्या मी दोन्ही पाठी उभ्या केल्या आणि पुढं येऊन बसले. आईंनी मागून हात वर केला. “थांब. एकच वाजलं.”

उतरून बघितलं. टॉवेलचं टोक लॉकमध्ये अडकलं होतं.